पेंटर आणि सिस्टर

क्लबात नवा माणूस आला की एक घोटाळा हमखास व्हायचा. कुणीतरी ओळख करून द्यायचं, "हे आमचे पेंटर आणि या सिस्टर." नवा माणूस दोघांकडे आलटून पालटून बघायचा आणि भीत भीत पेंटरांना विचारायचा, "सख्ख्या का?"

मग पेंटर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "सिस्टर दवाखान्याची. माझ्या वाट्याला बायको म्हणून आली."

विनोद शिळा झाला होता, पण पेंटर तो दर वेळी ताजा करून वाढायचे आणि सिस्टर दर वेळी तेवढ्याच हसायच्या.

क्लब म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हती. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका भिंतीवर ताणून बसवलेला पांढरा पडदा आणि महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी जमणारी हौशी मंडळी. अध्यक्ष होते भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत. प्रोजेक्टर सांभाळायचा बँकेतला एक कारकून, तो बँकवाला. प्रत्येकाने आपले चार-पाच फोटो पडद्यावर दाखवायचे, त्यांबद्दल दोन शब्द बोलायचे, मग बाकीच्यांनी त्यांतले दोष काढायचे. दोष काढून झाले की चहा.

पेंटरांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. शिडीवर उभं राहायचं, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि खाली उभ्या दुकानदाराशी अखंड गप्पा. पुढे छापील फ्लेक्स आले आणि काम आटत आटत संपलं. हात रिकामे राहिले की त्यांना घर खायला उठायचं. म्हणून त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःच कधीकाळी रंगवलेल्या, आता पोपडे उडालेल्या पाट्यांचे फोटो काढत ते हिंडू लागले. सुट्टीच्या दिवशी सिस्टर सोबत म्हणून जायच्या. पण सोबत म्हणून माणूस किती वेळ नुसतं उभं राहणार? काही दिवसांनी त्यांनीही एक छोटा कॅमेरा घेतला.

पेंटर काय काढणार ते आधीच सांगता यायचं. अक्षरं, भिंती, रंग. सिस्टरांचा मात्र नेम नसायचा. रिकामा बाक. दोरीवर राहून गेलेला एकच पायमोजा. कुणीतरी अर्धा पिऊन ठेवलेला पाण्याचा ग्लास.

"हे काय काढलंस?" पेंटर विचारायचे.

"असंच," सिस्टर म्हणायच्या.

सिस्टरांना चारचौघांत बोलणं जमायचं नाही. दवाखान्यात त्या शब्द मोजून वापरायच्या आणि ती सवय घरीही आली होती. त्यामुळे क्लबात त्यांचे फोटो पडद्यावर आले तरी बोलायचे पेंटरच. "ही बघा आमच्या हिची कमाल," असं म्हणून ते जे काही सुरू व्हायचे, की दोष काढणारे दोष विसरून हसत बसायचे. सिस्टर पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून ऐकत असायच्या. त्यांना ते खटकत होतं का, हे कुणी कधी विचारलं नाही.

पेंटरांच्या डोळ्यांची कुणकुण पहिल्यांदा सिस्टरांनाच लागली. एकदा रस्त्याने जाताना ते अर्ध्या ओढलेल्या शटरवर सरळ जाऊन आदळले. पुढच्या आठवड्यात सरांनी बाजूने हात पुढे केला आणि पेंटर तो न घेताच पुढे गेले. सर म्हणाले, "पेंटर, रागावलात की काय?" पेंटरांनी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी त्यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघा. मान हलवू नका. बाजूने चमचा आणते, दिसला की सांगा."

"अगं, हा काय खेळ?"

"बघा तर."

सिस्टरांनी चमचा त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. कानापाशी आला, गालापाशी आला. पेंटर बायकोच्या नाकाकडे एकटक बघत होते.

"आण की आता," ते म्हणाले. "किती वेळ नाकच बघत बसू?"

चमचा त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून वीतभरही लांब नव्हता. सिस्टरांनी तो खाली ठेवला आणि भांडी विसळायला घेतली. पाठ वळवल्यावरच त्यांना बोलता आलं. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"मोतीबिंदू असेल. काढून टाकू."

मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डॉक्टर तरुण होते आणि कागदावर चित्र काढून समजावून सांगत होते. नजर कडेकडेने आत आत मरत येते, म्हणून माणसाला उशिरापर्यंत पत्ता लागत नाही. यांच्या बाबतीत बराच उशीर झाला आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलं आहे ते थेंबांनी राखायचा प्रयत्न करू. सिस्टरांना यातलं काही नवं नव्हतं. पण आजवर त्या असं बोलणं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकत आल्या होत्या.

 घरी येताना पेंटर जिन्यात थांबून म्हणाले, "क्लबात कुणाला सांगायचं नाही."

"का?"

"कीव करतील. फोटो बघायच्या आधीच टाळ्या वाजवतील. मग फोटो चांगला आला काय न् वाईट आला काय."

"आणि लेकीला?"

"तिला तिचंच पुरे आहे."

ते खरं होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न मोडलं होतं. मोडल्यावर ती काही महिने माहेरी येऊन राहिली, कुणाशी फारसं न बोलता दिवसदिवस दाराबाहेरच्या पायरीवर बसून असायची. मग एक दिवस उठली, दुसऱ्या शहरात नोकरी शोधली आणि एकटीने राहू लागली. आता कुठे ती फोनवर हसू लागली होती. सिस्टरांनी तिला कळवलं नाही.

मग दोघांची एक रीत बसली. कॅमेऱ्याच्या काचेतून पेंटरांना त्यातल्या त्यात बरं दिसायचं, कारण तिथे जग मुळातच एवढ्याशा चौकटीत आलेलं असायचं. सिस्टर त्यांचा कोपर धरून उभ्या राहायच्या. "थोडं डावीकडे. आता खाली. हां, तिथेच." पेंटर बटण दाबायचे. पुढे ती चौकटही धुरकटली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटायचं, या वयातही काय बिलगून चालतात दोघं.

क्लबाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवणी चालायची. सिस्टर एकेक फोटो सांगायच्या आणि पेंटर पाढे पाठ करावेत तसा क्रम पाठ करायचे. "पहिली पाटी. दुसरी भिंतीवरची सावली. तिसरा तुझा मोजा." त्यावर स्वतःची फोडणी घालायचे. शनिवारी पडद्याशेजारी उभे राहून असे बोलायचे की कुणाच्या मनात शंकाही येऊ नये. उलट सर म्हणायचे, "पेंटर अलीकडे फार बारकाईने बघायला लागलेत."

त्या वर्षी त्यांना क्लबाचं पहिलं बक्षीस मिळालं. फोटो होता गोदीजवळच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या एका ओल्या शिडीचा. पेंटरांनी तो काढलाच नव्हता. त्या दिवशी ते दमून कठड्यावर बसले होते आणि सिस्टरांनी एकटीने तो टिपला होता. त्या महिन्यात पेंटरांचा एकही फोटो धड आला नव्हता. सगळे हललेले, तिरके. सिस्टरांनी शिडीचा फोटो त्यांच्या नावावर पाठवून दिला. बक्षीस मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"मी कधी काढला गं हा?" पेंटरांनी विचारलं.

"त्या दिवशी, गोदीजवळ. विसरलात तुम्ही."

"असेल," पेंटर म्हणाले.

त्यानंतर सरांनी टूम काढली. गावातल्या लोकांना बोलावून एक मोठा कार्यक्रम करायचा आणि त्यात फक्त या दोघांचे फोटो दाखवायचे. नाव ठेवलं 'दोघांची नजर'. सिस्टर नको म्हणाल्या. पेंटर हो म्हणाले. घरी येऊन ते मुलासारखे खूष होते, म्हणून सिस्टरांनी वाद घातला नाही.

फोटो निवडताना सिस्टरांनी एक जुना फोटो काढला. लेकीचा, पायरीवर बसलेला. तो पेंटरांनी नजर चांगली असतानाच काढला होता आणि कुणाला कधी दाखवला नव्हता. "तिला विचार," ते म्हणाले. लेकीने फोनवर परवानगी दिली, वर म्हणाली, "मी येते बघायला." पेंटरांनी तिच्या फोटोसाठी एक वाक्य ठरवलं आणि त्यात आठवडाभर शब्द हलवत राहिले. त्याच्या आधीचा फोटो गल्लीतल्या कुत्र्याचा, आणि अगदी सुरुवातीला किनाऱ्यावर उलट्या पडलेल्या होडीचा. सगळा क्रम त्यांनी घोटून घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी खोली भरली होती. बाहेरच्या जिन्यावरही माणसं उभी होती. लेक दुपारीच आली होती, पण पेंटर घरात सवयीने वावरत होते, त्यामुळे तिला काही कळलं नव्हतं. ती आईशेजारी पहिल्या रांगेत बसली. सरांनी चार शब्द सांगितले, दिवे मालवले आणि पेंटर माइक हातात घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले.

पहिला फोटो होता एका शिंप्याच्या दुकानाच्या पाटीचा. पेंटरांनी पाटीची गोष्ट सांगितली. लोक हसले.

दुसऱ्या फोटोपासून घात झाला. तसा त्यात कुणाचाच हात नव्हता. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फोटो घेताना क्रम बदलला होता. पहिला शीर्षकासाठी वेगळा ठेवलेला, म्हणून तो जागेवर राहिला आणि बाकीचे काढलेल्या तारखांप्रमाणे लागले. बँकवाल्याच्या ते लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याला वाटलं असतं की त्यात काय, माणूस पडद्याकडे बघूनच बोलणार ना.

पडद्यावर सर आले. क्लबाच्या सहलीत झाडाखाली आडवे होऊन घोरताना सिस्टरांनी टिपलेले. पेंटर म्हणाले, "ही होडी. कित्येक वर्षं किनाऱ्यावर अशीच उलटी पडून आहे. मालकाला विचारलं, का हो, पाण्यात का नाही घालत? म्हणाला, हिला पोहता येत नाही."

खोलीत हास्याचा स्फोट झाला. सरसुद्धा पोट धरून हसले. पेंटरांना चेव आला. "तळाला भोकं पडलीत, पण रंग बघा, कसा टिकून आहे." लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काय झालं ते त्यांना कळलं होतं, पण उठून जावं की आपोआप निभावेल, हे ठरेना. पुढच्या एकदोन फोटोंत ते कसंबसं निभावलंही. भिंतीच्या फोटोला पेंटर दुसऱ्या भिंतीबद्दल बोलले, कुणाला काही कळलं नाही.

मग पडद्यावर लेक आली. पायरीवर बसलेली, गुडघ्यांना मिठी मारून, केस न विंचरलेले.

पेंटर खुशीत म्हणाले, "आता हे बघा. हे आमच्या दारातलं. दिवसभर पायरीवर पडून असतं. कामधंदा काही नाही. हाकललं तरी जात नाही, खायला मात्र वेळेवर हजर."

मागच्या रांगा हसल्या, कारण त्यांना सगळं गमतीचंच वाटत होतं. पुढच्या रांगांतले अर्धवट हसून थांबले. लेकीला ओळखणारे तिच्याकडे बघू लागले. लेक पडद्याकडे बघत होती. ती हललीही नाही.

"पेंटर," सर हळूच म्हणाले, "जरा मागे बघा."

पेंटर वळले, पडद्याकडे तोंड केलं, क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "बघितलं की. काय गोड दिसतंय ना झोपलेलं?"

आता कुणीच हसलं नाही. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत होता.

सिस्टर उठल्या. पडद्यापर्यंत गेल्या. पडद्यावरची लेक त्यांच्या अंगावर पडली, तिचे गुडघे यांच्या पदरावर, तिचे केस यांच्या खांद्यावर. त्यांनी पेंटरांच्या हातातून माइक घेतला. "यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण माइकमुळे जिन्यापर्यंत गेला. "बरेच दिवस झाले. फोटोंचा क्रम बदललाय. हे कुत्र्याबद्दल बोलत होते." मग त्यांनी पेंटरांकडे वळून सांगितलं, "समोर लेकीचा फोटो आहे."

पेंटरांचा हात माइक धरल्यासारखा तसाच हवेत राहिला. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. कुणी, कशासाठी, देव जाणे. मग दुसऱ्याने वाजवली, मग सगळ्यांनी, काही जण उभे राहून वाजवू लागले. पेंटर त्या आवाजात मान खाली घालून उभे होते. लेक धावत गेली आणि तिने त्यांचा दुसरा कोपर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टेबलाशी बसली होती. चहा निवत होता.

"मला का नाही सांगितलंत?" लेकीने विचारलं.

"सांगणार होतो."

"कधी? मी समोर येऊन उभी राहीन आणि तुम्ही ओळखणार नाही, तेव्हा?"

 पेंटर बायकोच्या दिशेने म्हणाले, "तू नुसतं कानात येऊन सांगायचंस. माइक कशाला घेतलास?"

"लेक समोर बसली होती. तुम्ही काय बोललात ते तिने ऐकलं होतं. आणि बाकीच्यांनीही. कानात सांगून ते पुसलं गेलं असतं का?"

"मला हसले असते तर चाललं असतं. काल उभे राहिले माझ्यासाठी. आता त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही."

"नका ठेवू."

"आणि ती शिडी तुझी होती."

सिस्टरांच्या हातातला कप थांबला. "कधी कळलं?"

"तेव्हाच. सर बक्षीस देताना म्हणाले, काय सुंदर शिडी टिपलीत. मी शिडी कशाला काढेन? आयुष्य शिडीवर काढलेला माणूस शिडीकडे बघत नाही, वर पाटीकडे बघतो."

"मग घेतलंत कशाला बक्षीस?"

"तू टाळ्या वाजवत होतीस. सगळ्यांत जास्त तुझ्याच ऐकू येत होत्या." त्यांनी कप बाजूला सारला. "बाहेरच्यांनी कीव करू नये म्हणून एवढा खटाटोप केला. आणि घरात तेच."

सिस्टर उठून मोरीकडे गेल्या. नळ सोडला, पण विसळायला काही नव्हतं. लेकीला दोघांमधलं सगळं कळलं नाही, पण भांडण शिडीचं नाही एवढं कळलं.

"माझ्या फोटोला काय म्हणणार होतात?" तिने वडिलांना विचारलं.

पेंटरांनी घसा साफ केला. क्लबात बोलायचे तसा आवाज लावायला गेले, पण तो लागला नाही. "ही आमची लेक. त्या वर्षी ही रोज इथे बसायची. आम्हाला वाटायचं, ही खचली. आता फोटो बघताना कळतं, ही निघायची तयारी करत होती."

लेकीने त्यांचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला. मग ती खूप रडली, लग्न मोडलं तेव्हा रडली नव्हती तेवढी.

ती गेली आणि घर पुन्हा दोघांचं झालं. पेंटरांनी कॅमेरा कपाटात ठेवायला लावला. उरलासुरला उजेडही त्या वर्षात गेला, सावकाश, एखाद्या पाहुण्याने निरोप घेत घेत दारात रेंगाळावं तसा. सिस्टरांना कामावर जावंच लागायचं. त्यांनी डबा, पाणी, औषधाचे थेंब, फोन, सगळ्याच्या जागा पक्क्या केल्या आणि पेंटर त्या जागा हाताने शिकले. सर आणि बँकवाला भेटायला आले. बँकवाल्याला तोंड उघडवेना. पेंटरच त्याला म्हणाले, "अहो, तुम्ही क्रम बदललात म्हणून सर होडी झाले. एरवी त्यांना कोण होडी म्हणालं असतं?" सरांनी जाता जाता सत्काराची गोष्ट काढली. "कशाचा सत्कार?" पेंटरांनी विचारलं. "डोळे गेल्याचा?" सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

"निदान सिस्टरांना तरी क्लबात पाठवा," सर म्हणाले. सिस्टर नाही म्हणाल्या.

एका रविवारी दुपारी पेंटर पलंगावर पडले होते. सिस्टर खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होत्या. पेंटरांनी अचानक विचारलं, "तो बाकाचा फोटो होता ना तुझा, पहिल्या पहिल्या दिवसांतला? तो कशाला काढला होतास?"

"असंच."

"असंच नको. सांग."

सिस्टरांनी सुई कापडात टोचून ठेवली. "मुलांच्या वॉर्डाबाहेरचा बाक तो. एक बाई रोज त्यावर बसायची. तिचं मूल आत होतं. आत थांबायची परवानगी असायची, तरी ती बाहेर बसायची. म्हणायची, मी आत गेले की त्याला रडू येतं. मूल गेलं. त्यानंतरही दोन-तीन दिवस ती येऊन बसली. मग यायची बंद झाली. त्या दिवशी काढला."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिची साखळी घासत होती.

"मी क्लबात काय सांगितलं होतं त्यावर?"

"सरकारी बाक आहे, म्हणून यावरसुद्धा कुणी कामाला येत नाही, असं."

"लोक हसले होते."

"हो."

"तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही रंगात आला होतात."

पेंटरांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला. उजेड टाळायला घेतात तसा, जुन्या सवयीने. "आणि मोजा?"

सिस्टरांनी मोज्याचं सांगितलं. ग्लासाचं सांगितलं. आपण मनात काय धरून बटण दाबलं होतं ते त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाक्यं अडखळत येत होती. काही फोटोंत खरंच काही नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. पेंटर एकेक फोटो आठवून विचारत होते. त्यांना सगळे आठवत होते, कडा, सावल्या, कुठला कोपरा कापला गेला होता ते. फक्त ते कशाचे फोटो आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. दुपार सरली तरी ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "एवढी वर्षं तुझ्या वाटचं मीच बोलत राहिलो गं."

सिस्टरांनी "जाऊ द्या" म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं होतं, पण ते खरं नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी त्या क्लबात गेल्या. पेंटर गेले नाहीत. "मी आलो की सगळे माझ्याकडे बघतील. तू जा." सिस्टरांनी बाकाचा फोटो लावायला सांगितला आणि त्या बाईची गोष्ट सांगितली. मध्येच त्यांचा आवाज गेला. पाणी पिऊन पुन्हा सांगितली. कुणी दोष काढले नाहीत. चहाला न थांबता त्या निघाल्या.

घरी आल्या तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. पेंटर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. घरात एकही दिवा नव्हता. लावायला कुणी नव्हतं आणि त्यांना लागतही नव्हता. सिस्टर चपला काढून त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. क्लबात काय झालं ते पेंटरांनी विचारलं नाही, आणि सिस्टरांनीही सांगितलं नाही. खालच्या घरात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. दोघं तशीच थांबली, एक बसलेला, एक उभी. अंधार वाढत गेला आणि सिस्टरांना आधी कपाट दिसेनासं झालं, मग टेबल, मग नवऱ्याचे केस.

"अगं," पेंटर म्हणाले, "बटणाचा आवाज नाही आला. दिवा नाही लावलास?"

"नाही."

"लाव की. तुला दिसायला हवं."

सिस्टर भिंतीपाशी चाचपडत गेल्या.

"लावला?"

"लावला," त्या म्हणाल्या, आणि मग बटण दाबलं.